खोक्यात बेचाळीस दिवस मावले पाहिजेत

प्रति,
एच. पायलोरीवरची औषधं एकत्र बांधून विकणाऱ्या कंपन्यांत पॅकिंग आणि माहितीपत्रक ठरवणारे सर्वजण,
आणि ते किट चिठ्ठीवर लिहिणारे सर्व डॉक्टर

सा. न. वि. वि.

जठरातल्या किंवा त्याला लागून असलेल्या ड्युओडेनममधल्या अल्सरमागे एच. पायलोरी हा जंतू असेल, तर तो एका औषधाने हटत नाही. आम्ल कमी करणारं एक आणि जंतू मारणारी दोन-तीन, अशी औषधं एकाच वेळी घ्यावी लागतात. ती सुटी सुटी देण्यापेक्षा एका खोक्यात, दिवसवार कप्पे पाडून द्यावीत ही कल्पना चांगलीच आहे. आमचं भांडण तिच्याशी नाही. खोक्यात काय घालायचं, किती दिवसांचं घालायचं आणि वर काय छापायचं हे ठरवताना जंतूपेक्षा खोक्याच्या सोयीकडे जास्त पाहिलं जातं, हे आमचं म्हणणं आहे. सात दिवसांची किट अजूनही मिळतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक डोळे मिटून घातलं जातं. जेवणाआधीची आणि जेवणानंतरची गोळी एकाच रांगेत बसवलेली असते. आणि कोर्स संपल्यावर जंतू गेला की नाही हे तपासायचं असतं, याचा खोक्यावर मागमूसही नसतो.

हा जंतू राहतो कुठे ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रिकाम्या पोटी जठरातला पीएच १ ते २ च्या आसपास असतो. एवढ्या आम्लात जंतू तग धरून राहील हे वैद्यकाला बरीच वर्षं पटत नव्हतं. पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांच्या कामात १९८२ साली तो प्लेटवर वाढला, तोही चुकून. एरवी दोन दिवसांत टाकून दिल्या जाणाऱ्या प्लेट ईस्टरच्या सुट्टीमुळे पाच दिवस तशाच राहिल्या आणि मग वसाहती दिसल्या. दोघांना नोबेल मिळायला २००५ साल उजाडलं. ही हकिकत सर्वांना पाठ आहे. तिच्यातली आमच्या कामाची गोष्ट एवढीच की जंतू मंदगती आहे. सात दिवस आणि चौदा दिवस यांतल्या फरकाची सुरुवात तिथेच होते.

तो जठराच्या अस्तरावरच्या चिकट श्लेष्मात, पेशींना बिलगून राहतो. युरिएज नावाच्या विकराने तो युरिया फोडतो, त्यातून अमोनिया निघतो आणि अंगाभोवतीचं आम्ल मारलं जातं. तरीही आम्ल फार असलं की तो विभाजन आवरतं घेऊन नुसता बसून राहतो. अडचण इथे आहे. अमॉक्सिसिलिन जंतूची भिंत बांधली जात असताना काम करतं. जो वाढतच नाही त्याच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन तर तीव्र आम्लात स्वतःच विघटित होतं. म्हणून जठराचा पीएच ६ च्या वर नेऊन, तिथे टिकवून, जंतूला वाढायला भाग पाडायचं आणि मग मारायचं, असा हा डाव आहे. पीपीआय, म्हणजे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल वगैरे, हे काम करतं. रुग्णाला मात्र ती ‘जळजळीची गोळी’ वाटते. जळजळ थांबली की सगळ्यात आधी तीच सुटते, आणि उरलेली प्रतिजैविकं अर्ध्या बळाने लढत राहतात. ‘या गोळीशिवाय बाकीच्या गोळ्या नीट काम करत नाहीत’ हे वाक्य खोक्यावर असायलाच हवं.

आता एक पट्टी हातात घेऊन पाहा. वरच्या बाजूला सूर्याचं चित्र, खाली चंद्राचं. सूर्यापुढे तीन कप्पे: पीपीआय, अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन. चंद्रापुढे तेच तीन. ज्याच्या हातात ही पट्टी पडेल तो काय करणार? तिन्ही एकदम फोडणार आणि जेवण झाल्यावर घेणार, कारण प्रतिजैविक उपाशीपोटी घेऊ नये एवढं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. पट्टीच त्याला तसं सांगते आहे. पीपीआय फक्त चालू असलेले आम्लपंप बंद करतं. जेवणाने पंप चालू होतात आणि औषध रक्तात जेमतेम तास-दीड तास पुरेशा प्रमाणात असतं. पंप चालू व्हायला आणि औषध रक्तात असायला एकच गाठ पडली पाहिजे, म्हणून ते जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायचं. जेवणानंतर घेतलं तर ही गाठ हुकते. पीपीआयचा कप्पा छिद्रांच्या रेघेने बाकीच्यांपासून तोडता येईल असा करा आणि त्याच्या पाठीवर ‘जेवणाआधी अर्धा तास’ छापा. साच्यात एवढासा बदल. तो का होत नाही हे आम्हाला खरंच कळलेलं नाही.

मात्रेबद्दलही थोडं. पीपीआय दिवसातून दोनदा हवंच. एकदा घेऊन रात्रीचं आम्ल आवरत नाही. काही लोकांचं यकृत सीवायपी२सी१९ या विकराच्या जोरावर ओमेप्राझोल आणि लान्सोप्राझोल फार लवकर संपवतं. त्यांना दुप्पट मात्रा, किंवा या विकरावर कमी अवलंबून असलेलं राबेप्राझोल अथवा एसोमेप्राझोल देणं शहाणपणाचं. व्होनोप्राझॅनसारखं पोटॅशियमशी स्पर्धा करणारं नवं आम्लरोधक असेल तर जेवणाच्या वेळेचा प्रश्नच उरत नाही. ते आम्लात टिकतं आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण काम करतं. पीपीआयला पूर्ण जोर यायला दोन-तीन दिवस लागतात. सात दिवसांच्या किटमधले तीन दिवस असे तयारीतच जातात.

क्लॅरिथ्रोमायसिनकडे येऊ. पीपीआय, अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, तिन्ही दिवसातून दोनदा, हे त्रिकूट एके काळी चांगलं चालायचं. दिवसातून दोनदाच घ्यायचं, गोळ्या कमी, पट्टी सुबक. खोक्यात बसायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, आणि ते अजून टिकून आहे त्याचं मोठं कारण ही सोयच असावी. पण या जंतूच्या २३एस आरएनएच्या जनुकात एका जागी एक अक्षर बदललं, की क्लॅरिथ्रोमायसिनला चिकटायला जागाच राहत नाही. मात्रा दुप्पट करा, दिवस वाढवा, फरक पडत नाही. असा प्रतिकार तयार व्हायला एच. पायलोरीवरच उपचार झालेले असावे लागतात असंही नाही. खोकल्यासाठी, घशासाठी, सायनससाठी घेतलेलं अझिथ्रोमायसिन त्याच कुळातलं. ते घेताना पोटातला जंतू बसल्या जागी शिकतो. म्हणून डॉक्टरांनी विचारायचा पहिला प्रश्न ‘जळजळ किती दिवसांपासून आहे’ हा नसून ‘आजवर अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन घेतलंय का’ हा असायला हवा. घेतलं असेल तर ते औषध या उपचारात गैरहजर धरा.

या जंतूच्या उपचारांवर तज्ज्ञांनी काढलेल्या २०२२ च्या मास्ट्रिक्ट सहमतीपत्रानुसार, क्लॅरिथ्रोमायसिनला १५ टक्क्यांहून अधिक प्रतिकार असलेल्या किंवा प्रतिकाराची आकडेवारीच नसलेल्या भागात पहिल्या फेरीला बिस्मथची चौकडी, म्हणजे पीपीआय, बिस्मथ आणि दोन प्रतिजैविकं, वापरायची. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही पहिली पसंती हीच, चौदा दिवसांसाठी. आणि जंतू क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देतो हे तपासून कळलेलं नसेल तर ते त्रिकूट टाळा, असं स्पष्ट म्हटलं आहे. हे वाचूनही किटचं साचेबंद त्रिकूट लिहिलं जात असेल, तर कारण एकच: चौकडी तयार खोक्यात मिळत नाही, किंवा मिळते ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं.

चौकडीत काय असतं ते मोजूनच पाहू, कारण रुग्ण कुठे अडखळतो हे मोजल्याशिवाय दिसत नाही. पीपीआय दिवसातून दोनदा. बिस्मथ सबसिट्रेट १२० ते ३०० मिलिग्रॅम, चार वेळा. टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम, चार वेळा. मेट्रोनिडॅझोल ४०० किंवा ५०० मिलिग्रॅम, तीन ते चार वेळा, दिवसाला एकूण दीड ते दोन ग्रॅम होतील इतकं. टेट्रासायक्लिन ५०० च्या कॅप्सूलमध्ये मिळालं आणि मेट्रोनिडॅझोल चार वेळा दिलं तर दिवसाला १४ नग, चौदा दिवसांत १९६. टेट्रासायक्लिन २५० चंच मिळालं तर दिवसाला १८ आणि एकूण २५२. हे सुटं दिलं की रुग्णासमोर चार वेगळ्या पट्ट्यांचा ढीग, त्यातली एक लवकर संपते, एक उरते. दहा-दहाच्या पट्ट्यांत ५६ कॅप्सूल कधीच नीट बसत नाहीत. पन्नास दिल्या तर शेवटचा दीड दिवस कोरडा, साठ दिल्या तर चार घरात पडून. टेट्रासायक्लिनच्या बाबतीत हे पडून राहणं वाईटच, कारण जुनं होऊन बिघडलेलं टेट्रासायक्लिन मूत्रपिंडाला इजा करू शकतं. म्हणजे एकत्र खोक्याची खरी गरज कुठे असेल तर ती इथे, जिथे तुम्ही ते सर्वात कमी बनवता.

हे जमत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण जमलेलं आहे. पायलेरा या नावाने निघालेल्या कॅप्सूलमध्ये बिस्मथ सबसिट्रेट पोटॅशियम १४० मिलिग्रॅम, मेट्रोनिडॅझोल १२५ आणि टेट्रासायक्लिन १२५ असं तिन्ही एकत्र आहे. बिस्मथ धातू आणि टेट्रासायक्लिन एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून टेट्रासायक्लिन आतल्या लहान कॅप्सूलमध्ये बंद केलेलं असतं आणि ती लहान कॅप्सूल मोठीच्या पोटात. डोकं लावून केलेलं काम. एका वेळी तीन कॅप्सूल, जेवणानंतर तीनदा आणि झोपताना एकदा, म्हणजे दिवसाला १२. सोबत ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम दोनदा. लेबलवर हा कोर्स दहा दिवसांचा, १२० कॅप्सूलचा आहे. ज्या डॉक्टरांना चौदा दिवस हवे असतात त्यांना १६८ कॅप्सूल लागतात, आणि १२० च्या खोक्यातून त्या मिळवायला दुसरं खोकं फोडावं लागतं. चार दिवसांचं पूरक पाकीट काढलं तर हा घोळ मिटेल.

क्लॅरिथ्रोमायसिनला प्रतिकार झाला की ते औषध संपलं. मेट्रोनिडॅझोलचं तसं नाही. प्रयोगशाळेत प्रतिकार दिसला तरी मात्रा भरपूर आणि दिवस पुरेसे असतील, सोबत बिस्मथ असेल, तर ते बऱ्यापैकी उपयोगी पडतं. म्हणूनच दिवसाला २५० मिलिग्रॅम तीनदा अशी काटछाट करू नका. ज्या गुणासाठी ते ठेवलंय तोच जातो. अमॉक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिनला प्रतिकार बहुतेक ठिकाणी कमी आढळतो. बिस्मथला तर जंतूने अजून तोड काढलेली नाही.

आणि औषध देणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक: टेट्रासायक्लिन मिळत नाही म्हणून त्याच्या जागी डॉक्सिसायक्लिन देऊ नका. एकाच कुळातलं असलं तरी या जंतूवर त्याचे निकाल उणे आहेत. मिळत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल, बिस्मथ अशी दुसरी जुळणी करता येते. काउंटरवर परस्पर अदलाबदल नको.

वेळापत्रकाचं कोष्टक छापा. चार वेळा म्हणजे दर सहा तासांनी गजर लावून उठायचं असं नाही. तीन जेवणांनंतर आणि झोपताना. पण टेट्रासायक्लिनच्या वाटेत दूध, दही, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, जस्त, आणि मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचं अँटासिड आलं की औषध त्यांना चिकटून शोषणाआधीच वाया जातं. अशा गोष्टी औषधाच्या आधी किंवा नंतर किमान दोन तास ठेवाव्यात, आणि लोहाची गोळी चौदा दिवस थांबवता येत असेल तर थांबवलेलीच बरी. अल्सरमधून रक्त गेलेल्या रुग्णाला लोह आणि किट एकाच चिठ्ठीवर लिहिलं जातं, आणि दोन्हींच्या पुढे ‘जेवणानंतर’. इथे चूक रुग्णाची नसते.

झोपतानाचा डोस धोक्याचा. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवं झालं की ती अन्ननलिकेत अडकते, तिथेच विरघळते आणि भाजल्यासारखी जखम करते. पूर्ण पेलाभर पाणी, आणि नंतर अर्धा-पाऊण तास बसून राहायचं. हे वाक्य माहितीपत्रकाच्या सहाव्या घडीत सूक्ष्म अक्षरांत न घालता रात्रीच्या कप्प्यावर छापा.

आता दुष्परिणामांबद्दल. लोक कोर्स मधेच सोडतात ते त्रास होतो म्हणून, आणि बऱ्याचदा तो त्रास धोक्याचा आहे असं वाटून. बिस्मथने शौच काळं होतं, जीभही काळपट होते. बिस्मथ आणि गंधक मिळून काळं बिस्मथ सल्फाइड बनतं, बाकी काही नाही. पण ज्याला अल्सरमधून रक्त जाईल म्हणून घाबरवून ठेवलंय त्याला काळं शौच दिसलं तर तो गोळ्या बंद करणारच. फरक सांगून ठेवा: बिस्मथचं शौच काळं पण नेहमीच्या घट्टपणाचं असतं, रक्ताचं डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचं असतं, सोबत चक्कर, घाम, धडधड येते. रक्ताचं दिसलं तर वाट पाहत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूची चव येते, मळमळतं. क्लॅरिथ्रोमायसिननेही तोंड कडू पडतं. हे कोर्सबरोबर संपतं. हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र मेट्रोनिडॅझोल थांबवून डॉक्टरांना कळवायचं. मद्य कोर्सभर आणि नंतरचे तीन दिवस बंद. मद्यार्क असलेली खोकल्याची औषधंही त्यात आली. टेट्रासायक्लिनने उन्हात त्वचा लवकर भाजते. पहिले उपचार फसल्यावर कधी दिल्या जाणाऱ्या रिफाब्युटिनने लघवी केशरी होते. आधी सांगितलं नाही तर ती पाहूनही कोर्स सुटतो.

चिठ्ठी लिहिण्याआधी काही नकार तपासायचे असतात, ते डॉक्टरांना ठाऊक आहेत. तरीही किटच्या एका नावाखाली तीन-चार औषधं लपतात आणि मग नजरेतून सुटतात, म्हणून लिहितो. क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर कोलेस्टेरॉलवरचं सिमव्हास्टॅटिन चालत नाही. स्नायू विरघळण्याचा धोका आहे, तेवढे दिवस ते बंदच. गाउटवरचं कोल्चिसिन चालू असलेल्या, विशेषतः मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला तर हे मिश्रण जिवावर बेतू शकतं. हृदयाचा क्यूटी (ईसीजीमधला एक कालावधी) लांबलेला असेल तरीही क्लॅरिथ्रोमायसिन टाळायचं. वॉरफरिन घेणाऱ्याचं रक्त मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या दोन्हींनी जास्त पातळ होतं; आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) पहिल्याच आठवड्यात पाहावा. टेट्रासायक्लिन गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना नाही. मूत्रपिंड फार बिघडलेलं असेल तर बिस्मथ नको. बिस्मथ सबसॅलिसिलेट असेल तर ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यालाही नको. पेनिसिलिनच्या ॲलर्जीत अमॉक्सिसिलिन अर्थातच बाद, पण बिस्मथच्या चौकडीत पेनिसिलिन नाहीच, हा तिचा आणखी एक फायदा. खोक्याच्या दर्शनी बाजूला किटच्या नावाएवढ्याच अक्षरांत आतल्या प्रत्येक औषधाचं नाव आलं, तर निम्म्या चुका काउंटरवरच पकडल्या जातील.

शेवटच्या गोळीनंतर काय, हा आमच्या पत्राचा गाभा आहे. दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेला असं नसतं. पीपीआय एकट्यानेही दुखणं थांबवतं आणि अल्सर भरून आणतं. जंतू तसाच राहिला तर गोळी बंद झाल्यावर व्रण पुन्हा उघडतो. म्हणून कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून तपासणी करायची. त्याआधी केली तर जंतू दबलेले असतात, मेलेले नसतात, आणि तपासणी त्यांना चुकवते. या तपासणीआधीचे चार आठवडे कुठलंही प्रतिजैविक नको, बिस्मथ नको. आधीचे दोन आठवडे पीपीआय नको. तोवर जळजळ झालीच तर साधं अँटासिड किंवा फॅमोटिडिन, आणि तपासणीच्या आदल्या एक-दोन दिवसांत फॅमोटिडिनही बंद. पीपीआय चालू असताना केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येत नाही. उलट पॉझिटिव्ह आली तर ती सहसा खरी.

तपासण्या दोनच सोयीच्या: श्वासाची आणि शौचातल्या प्रतिजनाची. श्वासाच्या तपासणीत जंतूचं तेच जुनं हत्यार त्याच्यावर उलटवतात. खुणेचा कार्बन घातलेला युरिया उपाशीपोटी प्यायला देतात. पोटात युरिएज असेल तर युरिया फुटतो आणि तो कार्बन १५ ते ३० मिनिटांत श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये उतरतो. कार्बन-१३ वापरला तर किरणोत्साराचा प्रश्नच नाही. रक्तातली प्रतिपिंडं तपासून मात्र काहीही ठरत नाही. जंतू गेल्यावरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. त्या अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ पाहून बऱ्या झालेल्या माणसाला दुसरं किट लिहिणं हा दुहेरी अपव्यय. जठरातल्या अल्सरसाठी आणखी एक: साधारण ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून तो भरला का ते बघावं लागतं, कारण जठराचा न भरणारा व्रण कर्करोगाचा असू शकतो. ड्युओडेनमच्या साध्या अल्सरला ते सहसा लागत नाही. आणि दोन्हीत, वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर जंतू जाऊनही अल्सर होऊ शकतो, हे विचारल्याशिवाय रुग्ण स्वतःहून सांगत नाही.

जंतू गेला नसेल तर तेच किट परत द्यायचं नाही. पहिल्या फेरीत क्लॅरिथ्रोमायसिन वापरलं असेल तर ते आता बाद धरायचं, लेव्होफ्लॉक्सासिनचंही तेच. चौकडी झालेली नसेल तर ती द्यायची. झाली असेल तर अमॉक्सिसिलिन आणि रिफाब्युटिनची, किंवा संवेदनशीलता तपासून ठरवलेली जुळणी. दोन फेऱ्या फसल्यावर संवेदनशीलता न तपासता तिसरी लिहू नये. पण दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्या फेरीत काय दिलं होतं ते कळणार कसं? रुग्ण म्हणतो, ‘पोटातल्या जंतूचं किट घेतलं होतं.’ खोकं केव्हाच फेकलेलं असतं. आत एक जाड कार्ड घाला, पाकिटात राहील इतकं: औषधांची नावं, मात्रा, दिवस, आणि तपासणीच्या निकालासाठी एक रिकामी चौकट.

झाकणाच्या आत तीन रेघा ओढा: सुरुवात, शेवटचा डोस, तपासणी. औषध देणाऱ्याने पेनने तारखा भरून द्यायच्या. १ मार्चला सुरू केलं तर शेवटचा डोस १४ मार्चला. पुढचे २८ दिवस धरून बेचाळिसावा दिवस ११ एप्रिल, म्हणजे तपासणी १२ एप्रिलला किंवा त्यानंतर. व्रण भरायला पीपीआय पुढे चालू ठेवलं असेल तर त्याची शेवटची गोळी २८ मार्चला. रक्तस्राव होऊन गेलेल्याला इतक्या लवकर पीपीआय थांबवता येत नसेल, तर त्याच्या खोक्यावर तिसरी तारीख डॉक्टरांनी स्वतः पुढची घालावी, रिकामी ठेवू नये.

आपले,
ही औषधं रोज हाताळणारे आणि समजावून देणारे काहीजण